कळमेश्वर म्हणजे शून्य

माझी भाची बी.एड. कॉलेजात शिकवते. मागच्या महिन्यात तिने मला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर पाणबुड्याचा असतो तसा काळा चष्मा बांधला आणि म्हणाली, "मावशी, आता तू वर्गात आहेस. शिकव." समोर खरंच वर्ग होता. बाकं, फळा, खिडकी, खिडकीबाहेर कुठल्याशा परदेशी झाडाची फांदी आणि बाकांवर मुलं. एकाने जांभई दिली. एक मुलगी पेन्सिल चावत बसली होती. ही सगळी मुलं कॉम्प्युटरने केलेली. भाचीचे विद्यार्थी आपापल्या घरून ऑनलाइन ह्या वर्गात शिरतात, ह्या बाहुल्यांना शिकवतात आणि भाची तिच्या घरून त्यांना मार्क देते. मुलांनी किती दंगा करायचा तेही आधी ठरवून ठेवता येतं म्हणे.

"ह्यातल्या एखाद्याला खरंच समजलं नाही, असं होतं का गं?" मी विचारलं.

"गोंधळलेला चेहरा करता येतो की," भाची म्हणाली.

मी चष्मा काढून तिच्या हातात दिला. तिला वाटलं मला गरगरलं. गरगरलं नव्हतं, राग आला होता, आणि तोही तिच्यावर नव्हता. असला वर्ग मी पूर्वी पाहिलेला आहे. ह्याच नागपुरात, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, कॉम्प्युटर हा शब्द आम्ही फक्त पेपरात वाचत होतो तेव्हा. चष्माबिष्मा काही लागला नव्हता. माझी नोकरी मात्र त्या वर्गाने खाल्ली.

तेव्हा मी कळमेश्वरच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवत होते. बी.एस्सी. झाले होते, बी.एड. नव्हतं, त्यामुळे कागदोपत्री मी 'अप्रशिक्षित'. वडील गिरणीत होते. त्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी तान्ही होते, आणि पोरीने मास्तरीण व्हायचं हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं असं आई सांगायची. रोज सकाळी मी नागपूरहून काटोलची एस.टी. पकडून कळमेश्वरला उतरत असे आणि मस्टरवर सही करताना मला दरवेळी वडिलांची आठवण येत असे. मग एक दिवस शाळेच्या सचिवांनी बोलावून घेतलं. गावात कारखान्यांची वसाहत वाढत होती, साहेब लोकांची मुलं शाळेत येणार होती. सचिव म्हणाले, "बाई, बी.एड. करून या. तुमची जागा वर्षभर रिकामी ठेवतो. पन प्रात्यक्षिकात फर्स्ट क्लास पायजे. कमिटीनं तसा ठरावच केला आहे."

एवढंच. प्रात्यक्षिकात फर्स्ट क्लास आला तर जागा माझी, नाही तर दुसऱ्या कोणाची. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. शिकवायचंच तर होतं, आणि ते मी करतच होते.

बी.एड.ला गेल्यावर कळलं की तिथे शिकवायचं नव्हतं, शिकवण्याचं नाटक करायचं होतं. मॅडम त्याला 'सिम्युलेशन' म्हणत. खरी मुलं मिळायला शाळा वेळ देत नाहीत, म्हणून आपणच मुलं व्हायचं. एकाने फळ्याजवळ उभं राहून शिक्षक व्हायचं, बाकीच्यांनी बाकांवर बसून इयत्ता आठवी. आठवीत मिशीवाले होते, दोन मुलांच्या आया होत्या, एकजण तर आजोबा व्हायच्या बेतात होता. मागे मॅडम घड्याळ आणि निरीक्षण तक्ता घेऊन बसत. शिक्षकाने किती प्रश्न विचारले, किती वेळा 'शाब्बास' म्हटलं, किती वेळा मान हलवून प्रोत्साहन दिलं, त्याच्या खुणा करत. मी मॅडमना नावं ठेवत नाही. त्या मन लावून खुणा करायच्या.

नावं ठेवायची ती आम्हाला. पहिल्याच आठवड्यात आम्ही एक रीत पाडली. खरं तर पाडली नाही, सगळेजण आपापल्या शाळेतून ती घेऊनच आले होते. साहेब तपासणीला यायचे तेव्हा प्रत्येक शाळेत मुलांना पढवून ठेवत: उत्तर येत असेल तर उजवा हात वर करायचा, येत नसेल तर डावा. म्हणजे प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाचे हात वर, साहेब खूश, आणि मास्तर उजव्या हातांपैकी एकाला उठवून मोकळा. आता आम्हीच मुलं झालो, तर आम्हीही तेच केलं. शिवाय ज्याचा पाठ असेल त्याने आदल्या दिवशी सायकल स्टँडपाशी सगळ्यांना उत्तरं वाटून द्यायची आणि पाठ झाल्यावर चहा पाजायचा. आज मी तुझा हुशार विद्यार्थी, उद्या तू माझा. तेरी भी चुप, मेरी भी चुप. गांधीबागेतल्या कापडवाल्यांच्या घरची एक सून आमच्यात होती, ती चहाबरोबर समोसेही द्यायची. तिच्या पाठाला तर डावा हात औषधाला दिसायचा नाही.

मला ह्याचा वैताग यायचा. पण नोकरी माझीही अडली होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी मीही उत्तरं वाटत होते, चहा पाजत होते.

आमच्या गटात काटोलकडचे एक मास्तर होते. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, उंचपुरे, बाकावर बसले की गुडघे वर यायचे. काटोलच्या पलीकडल्या एका खेड्यात कितीतरी वर्षं ते आठवीला गणित शिकवत होते, माझ्यासारखेच अप्रशिक्षित. कोणाच्या पाठाला उत्तरं वाटली की ते मुकाट्याने ऐकून घेत. एरवी ते कोणाशी फार बोलत नसत. शनिवारी कॉलेज सुटलं की काटोलच्या एस.टी.ने गावी जात; स्टँडवरून जाताना मला ते खिडकीशी बसलेले दिसत.

माझा पहिला मोठा पाठ होता, उणे संख्यांचा गुणाकार. उणे गुणिले उणे बरोबर अधिक. मी फळ्यावर ओळीने गुणाकार मांडले, आकडे कसे एकेकाने बदलत जातात ते दाखवलं, पुस्तकात असतं तसं. मग विचारलं, "तर उणे तीन गुणिले उणे चार किती?" सगळे हात वर. उजव्यांच्या गर्दीत मास्तरांचा एकट्याचा डावा. मी शिस्तीत गांधीबागेच्या सुनेकडे वळले, आणि तेवढ्यात मास्तर न विचारता उभेच राहिले.

"बाई, मले नाही समजलं. उने अन् उने मिळून अधिक काहून होते?"

वर्ग खो खो हसला. मास्तर इतकं हुबेहूब आठवीतलं पोरगं करतील असं कोणाला वाटलं नव्हतं. असं का होतं, ह्यावर मी पुन्हा तोच नियम सांगितला. ते पुन्हा म्हणाले, "हाव, पन काहून?" पुन्हा हशा. मॅडमनी घंटी वाजवली. शेऱ्यात लिहिलं होतं, 'वर्गनियंत्रण कमी. पाठ पुन्हा घ्यावा.'

पुन्हा घेतला. पुन्हा तेच. डावा हात, मग मास्तर उभे, "बाई, काहून?" आता तर लोक वाट बघायला लागले होते. मॅडमनी ह्या वेळी त्याच शेऱ्याखाली पेन्सिलने दोनदा रेघ ओढली. दुसऱ्या कोणाच्या पाठाला हा माणूस तोंड उघडत नव्हता. माझ्याच पाठाला ह्याला रंग चढत होता.

त्या दिवशी मी त्यांना कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. मी तेव्हा फार तिखट बोलत असे. आताही बोलते.

"भाऊ, माझं काय वाकडं आहे तुमच्याशी? माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, आणि तुम्हाला सोंगं सुचून राहिली."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "मी सोंग नाही करून राहिलो, बाई. मले खरंच समजत नाही."

मी समोरच्या बाकड्यावर बसले.

"इतकी वर्सं शिकवून राहिलो," ते म्हणाले. "नियम पाठ हाये. पोट्टेही पाठ करतात. एकानं इचारलं होतं मले, काहून मनून. मी त्याले तासभर उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून इचारनं बंद झालं."

"मग मॅडमना विचारा ना."

"मॅडमले कसा इचारू? मास्तर हाओ मी. इथं तुमच्या वर्गात पोट्टा हाओ, मनून इचारलं."

"आणि बाकीच्यांच्या पाठाला?"

"ते हे शिकवत नाहीत. अन् तुमी खऱ्या मास्तरनीसारक्या दिसता."

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी सुखावले असते. त्या वेळी मला तो माणूस आणि त्याचं 'काहून' दोन्ही नको झालं होतं. तरी तिथेच बाकड्यावर त्यांच्या वहीत मी पुन्हा आकड्यांची ती ओळ लिहून दाखवली. ते म्हणाले, "हे तं दिसते, बाई. पन हे आकड्याइनं होते. मी इचारून राहिलो, काहून होते." मी अजून एकदा सांगायला गेले आणि मधेच थांबले, कारण त्यापुढे मलाही काही सांगता येत नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी बी.एस्सी. झाले होते, वर्गात पहिली आले होते, आणि मलाही कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्याचा राग मी त्यांच्यावरच काढला. म्हटलं, "हे बघा, माझा वार्षिक पाठ होऊन जाऊ द्या. मग बघू तुमचं काहून."

"नाही बोलन मी," मास्तर म्हणाले. "तुमचा फर्स्ट क्लास जाऊ देनार नाही."

त्या वर्षी शाळांच्या परीक्षा आणि आमचे वार्षिक पाठ नेमके एकाच वेळी आले, म्हणून मार्कांचे पाठसुद्धा खोट्या वर्गातच घ्यायचं ठरलं. बाहेरून एक परीक्षक येणार होते. माझ्या नावावर पुन्हा तोच घटक आला, उणे गुणिले उणे. आदल्या दिवशी मी सायकल स्टँडपाशी उत्तरं वाटली. मास्तरांना मुद्दाम शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, अधिक बारा. म्हटलं, उजवा हात वर करा, उत्तर सांगा आणि बसा. त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं, "अधिक बारा."

पाठ लोण्यातून सुरी जावी तसा गेला. प्रश्न पडायचा अवकाश, हात वर. मी शाब्बास म्हणत होते, मान हलवत होते, खडू न मोडता लिहीत होते. मॅडमच्या खुणा होत होत्या. परीक्षक खुर्चीला टेकून समाधानाने बघत होते. शेवटचा प्रश्न आला. मास्तरांचा उजवा हात वर.

"हं, तुम्ही सांगा."

"अधिक बारा."

"शाब्बास."

ते बसले. बसता बसता त्यांचा डावा हात वर आला. पुरता नाही, कानापर्यंत. त्यांनी काही तो ठरवून केला नसावा, कारण त्यांचं त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी तो घाईने खाली घेऊन मांडीखाली दाबून धरला. परीक्षकांना त्या हाताचा अर्थ माहीत नव्हता. मॅडमनाही नव्हता. फक्त आम्हा मुलांना होता.

मला एवढंच करायचं होतं, डस्टर उचलायचं, गृहपाठ सांगायचा आणि खाली बसायचं. कळमेश्वर माझ्या हातात होतं. आणि मला एवढा राग आला, की त्याचं काय करावं ते कळेना. त्या रीतीचा, त्या शाब्बासचा, त्या मोठ्या माणसाने शाळेतल्या पोरासारखा हात मांडीखाली लपवावा ह्याचा. हात दाखवून अवलक्षण कसं करतात ते मी त्या दिवशी स्वतः केलं.

"उठा," मी म्हटलं. "अधिक बारा काहून?"

मास्तर उठले. माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांना दगा दिला होता. "मले नाही माहीत, बाई," ते म्हणाले.

उत्तर मलाही माहीत नव्हतं. पण मला तो माणूस शनिवारी काटोलच्या एस.टी.त खिडकीशी बसलेला आठवला. मी फळा पुसला. एक आडवी रेघ मारली आणि मधे एक टिंब काढलं.

"हे कळमेश्वर. इथे आपण उभे. कळमेश्वर म्हणजे शून्य. इकडे काटोल, ती अधिक बाजू. तिकडे नागपूर, ती उणे. काटोलहून नागपूरला जाणारी एस.टी. कुठल्या दिशेने पळते?"

"उने."

"ताशी वीस किलोमीटर पळते."

"ईस तरी कुठची," मागून कोणीतरी म्हणालं, आणि त्या वर्गात मास्तरांशिवाय पहिल्यांदाच दुसरं कोणी न पढवता बोललं.

"धरा वीस. म्हणजे वेग उणे वीस. आता ती कळमेश्वरला आपल्यासमोर उभी आहे. पुढचा वेळ अधिक, मागचा उणे. दोन तासांपूर्वी, म्हणजे उणे दोन तासांनी, ती कुठे होती?"

खिडकीतून रस्त्यावरचा भोंगा ऐकू आला. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, मॅडमनी घंटीवर हात ठेवला.

"काटोलले," मास्तर हळूच म्हणाले. "काटोलले होती."

"काटोल कुठल्या बाजूला?"

"अधिक." मग ते बाकाबाहेर आले आणि फळ्याजवळ येऊन त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "उलटी जानारी गाडी. अन् मांगची येळ पायली तं ते सुलट्या आंगाले सापडते. मनून अधिक होते."

घंटी वाजली. कोणी हसलं नाही. मी वळून पाहिलं तर गांधीबागेची सून माझ्या फळ्यावरची रेघ वहीत उतरवून घेत होती. तिच्या शेजारचा मिशीवालाही. आजोबा व्हायच्या बेतात असलेले गृहस्थही. सगळा वर्ग खाली मान घालून लिहीत होता. गणिताचे शिक्षक होते ते सगळे. तेव्हा मला कळलं, की उजवे हातही डावेच होते.

परीक्षकांचा शेरा मला मॅडमनी नंतर दाखवला. 'नियोजित घटक वेळेत संपला नाही. एका विद्यार्थ्याच्या अडचणीत पाठ अडकला. पाठाच्या टाचणाबाहेरचे उदाहरण.' मॅडम म्हणाल्या, "कशाला फाटा फोडलास गं? उत्तर बरोबर आलं होतं ना." त्यांना काय सांगणार? सांगायचं म्हणजे डाव्या हातापासून सांगावं लागलं असतं, आणि मग सगळ्यांचेच मार्क गेले असते. मला सेकंड क्लास मिळाला. कळमेश्वरच्या सचिवांनी निरोप पाठवला की कमिटीचा ठराव आहे, नाइलाज आहे. वडिलांनी माझा काटोल गाडीचा पास खुंटीवरून काढून देव्हाऱ्याच्या जागी असलेल्या बुद्धाच्या फोटोमागे ठेवून दिला.

पावसाळा संपता संपता एका रविवारी मास्तर आमच्या घरी आले. दारातच उभे राहिले. मी आत बोलावलं, तर बाजेच्या कडेवर बसले. त्यांना प्रात्यक्षिकात फर्स्ट क्लास मिळाला होता. त्यांचा घटक सोपा होता आणि उत्तरं नीट वाटली होती. चहा येईपर्यंत ते पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते.

"बाई, मले कळमेश्वरले लागली," ते म्हणाले. "गनिताची जागा. तुमची होय ते मले नव्हतं मालूम. काल मस्टरवर सही केली तवा मांगच्या पानावर तुमचं नाव दिसलं."

मी आतून चहा आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"मुलाखतीत मने, काही तरी शिकवून दाखवा. मले दुसरं काय येते? मी फळ्यावर रेघ मारली, मधात टिंब देल्लं अन् मनलं, हे कळमेश्वर. कमिटीवाले खूश. आपल्या गावाचं उदाहरन देल्लं मनाले." ते थांबले. "तुमी मनसान तं सोडून देतो."

त्या क्षणी सोडा म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती. माझी रेघ, माझं टिंब, माझी गाडी, आणि त्यावर बसून हा माणूस माझ्या गावाला उतरला होता. ओरडायचं कोणावर, तेवढंच मिळत नव्हतं. हा माणूस तर माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता.

"सोडून काय होणार?" मी म्हटलं. "ते मला थोडेच बोलावतील? पोरांनी काहून विचारलं, तर त्यांना उभं नका करू म्हणजे झालं."

"नाही करत," मास्तर म्हणाले. "कालच एकानं इचारलं. त्याले मी फळ्यापाशी बलावलं."

चहा अर्धाच पिऊन ते उठले. जाताना दाराशी वाकून नमस्कार करू लागले, वयाने एवढे मोठे असून, तर मी मागे सरले. ते गेले आणि आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली.

"कोन होता वं तो?"

"माझा विद्यार्थी," मी म्हटलं.

"एवढा मोठा?" आई म्हणाली, आणि मी कपबशा उचलून मोरीवर घेऊन गेले.